एका किल्लीमागे किती गुपिते?

कोहमाऱ्याच्या चौकात मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाहून अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता छेदतो. सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव. भोवती धानाच्या बांध्या आणि त्यांच्यापलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. या पूर्व विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. द्रावण गढूळ दिसले तर पक्क्या निदानासाठी रक्त पुढच्या तपासणीला जाते आणि अहवालात दोन अक्षरे येतात, ‘एसएस’ किंवा ‘एएस’. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, त्याला आयुष्यभर औषध आणि काळजी. ‘एएस’ म्हणजे वाहक, तो बहुधा ठणठणीत असतो, शेतात राबतो, शाळेत पळतो. पण दोन ‘एएस’ व्यक्तींचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक. म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या अहवालातली ही दोन अक्षरे तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत आणि पुढे तिच्या मुलांपर्यंत महत्त्वाची राहतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अपेक्षित आहे. हे अहवाल संगणकात भरले जातात आणि तारेवरून दूरच्या सर्व्हरवर जातात. ते गुपित किती वर्षे टिकले पाहिजे, याचे प्रामाणिक उत्तर पन्नास-साठ वर्षे असे आहे. आणि इंटरनेटवरची देवाणघेवाण अगदी परवापरवापर्यंत ज्या गणितावर कुलूपबंद होत होती, त्याची साठ वर्षांची हमी कोणताही जाणकार देणार नाही. वीस वर्षांची द्यायलाही बहुतेक जण कचरतील.

कारण समजून घ्यायचे तर दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी कशी होते ते पाहावे लागेल. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड टिपून घेतले. त्यावर उतारा म्हणून तिथल्याच टाटू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत लिहिली. आज सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर घरून लॉगिन करतो, एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे रात्री बॅकअप जातो, पुण्याच्या सी-डॅकच्या परम महासंगणकावर दूरच्या विद्यापीठातला संशोधक आपले गणित लावतो, या सगळ्यामागे बहुतेकदा एसएसएचच असते. जोडणी होताना दोन्ही संगणक कधीही न भेटता, उघड्या तारेवर चार आकडे बोलून एक सामाईक गुप्त किल्ली तयार करतात. ही करामत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी आरएसए ही पद्धत आली. दोन्हींचा भरवसा एकाच जातीच्या गोष्टीवर आहे : काही गणिते एका दिशेने सोपी आणि उलट्या दिशेने जवळपास अशक्य असतात. १९९४ साली बेल लॅबमधल्या पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर ही उलटी दिशाही सोपी होते. किल्ली ठरल्यानंतर प्रत्यक्ष मजकूर ज्या पद्धतीने झाकला जातो तिला मात्र एवढा धोका नाही. तिथे फार तर किल्लीची लांबी दुप्पट करावी लागते, आणि २५६ बिटांची किल्ली आजही सर्रास वापरात आहे. म्हणजे कुलूप शाबूत आहे, पण जोडणीच्या पहिल्या क्षणी किल्ली ठरवण्याची जी बोलणी होतात ती उद्या असे यंत्र हाती असलेल्या कुणालाही ऐकून समजतील.

‘उद्या’ समजतील, मग आज काय बिघडले? बिघडते ते असे की आजची बोलणी आणि त्यामागून गेलेला झाकलेला मजकूर दोन्ही जसेच्या तसे साठवून ठेवता येतात. साठवणूक स्वस्त झाली आहे आणि गुप्तहेर संस्थांना घाई नसते. अमेरिकेने १९४३ मध्ये सोव्हिएत तारांवर काम सुरू केले. त्या तारा तेव्हा वाचता येत नव्हत्या, तरी जपून ठेवल्या गेल्या. पुढे सोव्हिएत बाजूने एकदाच वापरायची सांकेतिक पाने दुसऱ्यांदा वापरल्याचे लक्षात आले आणि ‘व्हेनोना’ नावाने ओळखले गेलेले हे काम १९८० पर्यंत चालू राहिले. चाळीसच्या दशकातल्या संदेशांनी पुढच्या कितीतरी वर्षांत माणसे उघडी पाडली. आपल्या काळातला पुरावा २०१३ सालचा आहे. एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे बाहेर आलेल्या कागदपत्रांत अमेरिकी सुरक्षा संस्थेचा एक नियम होता : इतर संभाषणे ठरावीक मुदतीत नष्ट करावीत, पण सांकेतिक भाषेतली संभाषणे फोडण्यासाठी लागेल तितका काळ ठेवायला मोकळीक. तेव्हा ‘आज साठवा, उद्या उघडा’ या धोक्याला भविष्यकथन म्हणणे बरोबर नाही. त्याचा पहिला अर्धा भाग ही चालू रीत आहे.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल, म्हणजे यंत्र कधी येणार याबद्दल, संशयवाद्यांची बाजू वाटते त्याहून मजबूत आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत शोर यांच्या पद्धतीने १५ या संख्येचे अवयव पाडले. ३ आणि ५. त्यानंतरच्या दशकभरात मजल २१ पर्यंत गेली, तीही गणित आधी सोयीचे करून घेऊन. गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘विलो’ चिपमध्ये १०५ क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टीआयएफआरने सहा क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पाडली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे आठ वर्षांचे उद्दिष्ट ५० ते १,००० क्युबिटचे आहे. आरएसएची २०४८ बिटांची किल्ली फोडायला मात्र लाखोंच्या घरात क्युबिट लागतात. इतके अंतर पाहून ‘आमच्या हयातीत काही होत नाही’ असे कुणी म्हणाले तर त्याला वेड्यात काढता येत नाही. पण अंतर दोन्ही टोकांकडून कमी होते आहे, हे त्या हिशेबात येत नाही. २०१९ मध्ये गुगलचे क्रेग गिडनी आणि स्वीडनचे मार्टिन एकेरा यांनी दोन कोटी क्युबिट आणि आठ तास असा अंदाज मांडला होता. मे २०२५ मध्ये त्याच गिडनींनी तो दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इथपर्यंत खाली आणला. मधल्या सहा वर्षांत यंत्रे थोडी सुधारली, गणित मात्र वीसपट काटकसरीचे झाले. यंत्राच्या प्रगतीची बातमी होते, गणिताच्या काटकसरीची होत नाही. म्हणून तारीख सांगणाऱ्या दोन्ही बाजूंवर विसंबू नये. कॅनडातले मिशेल मोस्का यांनी यावर एक साधी बेरीज सुचवली आहे : गुपित किती वर्षे टिकायला हवे आणि व्यवस्था बदलायला किती वर्षे लागतील. ही बेरीज यंत्र येण्याच्या काळापेक्षा जास्त भरली तर उशीर होऊन गेला आहे. सिकलसेलच्या अहवालासाठी यातला पहिला आकडाच साठ आहे. यंत्र २०३२ मध्ये येवो की २०५५ मध्ये, उत्तर बदलत नाही.

इथपर्यंतचा युक्तिवाद बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो आणि तो इथेच थांबतो, ही माझी तक्रार आहे. कारण त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘सगळेच धोक्यात, सगळेच बदला’ असा असतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एवढ्या सरसकट सल्ल्याचे काहीच होत नाही. गिडनींचा आकडा पुन्हा बघा : एका किल्लीला जवळपास आठवडा. एसएसएचमध्ये प्रत्येक जोडणीला नवी तात्पुरती किल्ली ठरते आणि काम झाले की टाकून दिली जाते. (तिथे हल्ली वापरात असलेल्या वक्ररेषांच्या गणिताची किल्ली आरएसएहून लहान असते. क्वांटम यंत्रापुढे ती जास्त टिकेल असे मानायला आधार नाही, पण तिलाही दर वेळी नव्याने फोडावेच लागते.) म्हणजे अब्जावधी खर्चाचे पहिले यंत्र वर्षाकाठी पन्नास-साठ जोडण्या उघडील. त्या पन्नासांत कोहमाऱ्याच्या सेवा केंद्रातून कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी केलेला अर्ज असेल का? नसेल. ‘आमच्या गावाचे कोण कशाला चोरील’ हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो, पण तो बरोबर आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. गावाचे एकटे कुणी चोरणार नाही. पण गावाची माहिती एकटी राहतच नाही. शाळेतल्या मुलीचा अहवाल तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या अहवालांत मिसळतो आणि मग अशी एखादी रात्र येते जेव्हा लाखो लोकांची नोंदवही एका डेटा सेंटरमधून दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये एकाच जोडणीवरून, एकाच किल्लीमागे जाते. आठवडाभर यंत्र चालवण्याच्या मोलाची किल्ली ती. धोक्याची प्रतवारी लावायची असेल तर दोन आकडे विचारावेत : या एका किल्लीमागे किती लोकांची माहिती जाते, आणि ती किती वर्षे नाजूक राहते. पीकपाण्याचा फोटो दोन्हींत खाली. ट्रकचालकाच्या टोलच्या पावत्या संख्येने भरमसाट, पण वर्षभरात शिळ्या. आधार क्रमांकाशी जोडलेले आरोग्याचे तपशील, वनहक्काच्या दाव्यांसोबतचे कुटुंबाचे पुरावे, नक्षलग्रस्त भागात पोलिसांना माहिती देणाऱ्यांची नावे, या गोष्टी दोन्हींत वर. जुन्या पद्धतीच्या काही जोडण्यांत तात्पुरती किल्ली नसतेच, सर्व्हरची एकच कायमची आरएसए किल्ली वर्षानुवर्षांच्या सगळ्या देवाणघेवाणीला लागू असते. वेब जोडण्या सुरक्षित करणाऱ्या टीएलएस पद्धतीच्या २०१८ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने ती पद्धत काढून टाकली, पण जुनी उपकरणे अजून ती बोलतात. क्वांटमचे नाव न घेतासुद्धा त्या आधी बंद केल्या पाहिजेत.

उपाय काय, या बाबतीत परिस्थिती सुदैवाने चांगली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१६ मध्ये जगभरच्या गणितज्ञांना नव्या पद्धती सुचवायला सांगितले. २०२२ मध्ये निवड झाली आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध झाली. त्यांतले किल्ली ठरवण्याचे मानक म्हणजे एमएल-केईएम. ते उभे आहे जाळीच्या भूमितीतल्या एका अवघड प्रश्नावर, आणि शोर यांची युक्ती त्याला लागू पडत नाही. एसएसएचची सर्वाधिक वापरली जाणारी मोफत आवृत्ती, ओपनएसएसएच, तर मानकासाठी थांबलीच नाही. एप्रिल २०२२ च्या ९.० आवृत्तीत तिने एनट्रू प्राइम ही वेगळी जाळीची पद्धत जुन्या पद्धतीसोबत जोडून आपसूक चालू केली. एप्रिल २०२५ च्या १०.० मध्ये तिची जागा एमएल-केईएमने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेली १०.१ आवृत्ती तर, समोरचा सर्व्हर जुनाट निघाला, की पासवर्ड विचारण्याआधी पडद्यावर इशारा देते : ही जोडणी क्वांटम-सुरक्षित नाही, आज साठवून उद्या उघडली जाऊ शकते, सर्व्हर अद्ययावत करावा. अनेक कार्यालयांत विंडोजवरून लॉगिन करायला वापरली जाणारी पुटी ही छोटी आज्ञावलीही २०२२ पासून एनट्रू प्राइम आणि २०२५ पासून एमएल-केईएम जाणते. किंमत पाहिली तर आश्चर्य वाटते. जुन्या पद्धतीत जोडणीच्या पहिल्या बोलण्यात ३२ बाइटचा आकडा जायचा, आता त्यासोबत १,१८४ बाइटचा जातो आणि १,०८८ बाइटचे उत्तर येते. एक साधा फोटो लाखो बाइटचा असतो, तेव्हा हा बोजा जाणवण्यासारखा नाही. त्रास झाला तो भलतीकडे. २०२४ मध्ये क्रोमने वेब जोडण्यांसाठी अशीच पद्धत चालू केली, तेव्हा पहिला संदेश १,५०० बाइटच्या एका पाकिटात मावेना, आणि दोन पाकिटांत आलेला संदेश समजून घेण्याची तजवीज नसलेली काही मधली उपकरणे जोडणीच तोडू लागली. ती दुरुस्त झाली. २०२५ च्या अखेरीस क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या मोजणीत माणसांनी सुरू केलेल्या निम्म्याहून अधिक वेब जोडण्या नव्या पद्धतीच्या होत्या. फोनवर बातम्या वाचणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताही लागला नसेल.

यावर गणित जाणणाऱ्यांचा आक्षेप असा की नवी पद्धतच उद्या कोसळली तर? हा आक्षेप काल्पनिक नाही. निस्टच्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलेली ‘रेनबो’ ही सहीची पद्धत २०२२ च्या सुरुवातीला वार्ड ब्युलेन्स यांनी मोडली. तिची एक किल्ली साध्या लॅपटॉपवर शनिवार-रविवारात निघत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या वाउटर कास्त्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी ‘साइक’ ही पद्धत एका जुन्या प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर तासाभरात फोडली. त्यासाठी क्वांटम संगणक लागलाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये चीनमधल्या यिलेई चेन यांनी खुद्द जाळीच्या प्रश्नावर क्वांटम हल्ला सापडल्याचा निबंध टाकला, तेव्हा आठवडाभर या क्षेत्रातल्या लोकांची झोप उडाली होती. आठव्या दिवशी त्यात दुरुस्त न होणारी चूक सापडली. एमएल-केईएम अजून उभे आहे, पण उभे राहण्याची शपथ कुणी घेतलेली नाही. म्हणूनच ओपनएसएसएच आणि क्रोम दोघांनीही जुने काढून नवे बसवले नाही. त्यांनी दोन्ही एकत्र ठेवले. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तसे इथे दोन्ही गणिते फोडल्याशिवाय मजकूर हाती लागत नाही. नवे गणित उद्या साध्या संगणकावर फुटले तरी आपण कालच्याइतके सुरक्षित राहतो. इतक्या स्वस्तात विमा मिळत असताना ‘शुद्ध’ नव्याचा आग्रह धरणारे सल्ले मला पटत नाहीत. अमेरिकी सुरक्षा संस्थेचा कल तसा आहे, पण तिची गरज आणि आपल्या जिल्हा परिषदेची गरज एक नव्हे.

सगळ्यात जोरदार आक्षेप मात्र गणितातला नाही, रोजच्या व्यवहारातला आहे. चोऱ्या होतात त्या किल्ली फोडून नव्हे. ओटीपी विचारून, बनावट लिंक पाठवून, सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड ठेवल्यामुळे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले आणि रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चालले, त्यात क्वांटमचा संबंध नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली, चौदा ट्रोजन आणि आठ जीबी बेहिशेबी माहितीचा उल्लेख केला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक ठरवली. खरे काहीही असो, चर्चा घुसखोरीची होती, गणिताची नव्हती. खुद्द एसएसएचच्या बाबतीतही मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर होतोय म्हणून शंका आली आणि ‘एक्सझेड’ या फाइल दाबण्याच्या किरकोळ भासणाऱ्या आज्ञावलीत वर्षानुवर्षे विश्वास कमावून पेरलेला, एसएसएचमधून आत शिरू देणारा चोरदरवाजा उघडकीस आला. त्या जुलैत ओपनएसएसएचमध्येच दुसरे गंभीर छिद्र सापडले. घराची कडी लागत नसताना पन्नास वर्षांनंतरच्या चोराची काळजी कशाला, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर ‘बरोबर आहे’ हेच आहे. फक्त त्यातून ‘म्हणून थांबा’ असे निघत नाही. कारण दोन्ही कामांची पहिली पायरी एकच आहे. जो सर्व्हर अद्ययावत ठेवला जातो त्याची २०२४ ची छिद्रेही बुजतात आणि क्वांटम-सुरक्षित किल्लीही त्याच अद्यतनात आपसूक येते. वेगळा प्रकल्प, वेगळा निधी, वेगळी समिती लागत नाही. दोन धोक्यांमध्ये भांडण लावून देणारे बहुतेक वेळा दोन्हींसाठी काही करत नसतात.

खरी अडचण तिथे आहे जिथे अद्यतन येऊच शकत नाही. सेंटओएस ७ ही सर्व्हरची प्रणाली सरकारी आणि खासगी कामांत वर्षानुवर्षे राबली. तिच्यासोबतचे ओपनएसएसएच ७.४ आवृत्तीचे, म्हणजे २०१६ चे. त्यात नव्या पद्धतीचा मागमूस नाही, आणि ३० जून २०२४ ला त्या प्रणालीची देखभालच संपली. उबुंटू २२.०४ मध्ये पद्धत आहे, पण पसंतीक्रमात ती मागे आहे. सर्व्हर तरी बदलता येतो. कालव्याच्या दरवाजाजवळच्या पेटीतले नियंत्रक, उपकेंद्रातला राउटर, खांबावरचा कॅमेरा, भिंतीवरचा वीजमीटर यांना एकदा बसवले की कुणी हात लावत नाही, आणि त्यांच्या ठेकेदाराची देखभाल-मुदत संपली की आतली आज्ञावली जन्मभर तशीच राहते. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, म्हणजे हा जिल्हा वीजजाळ्याच्या नकाशावर लहान नाही. अशा जाळ्यातले एखादे दूरनियंत्रित उपकरण आज निविदेत घेतले, तर ते २०४० लाही तिथेच असेल. निस्टच्या मसुद्याप्रमाणे २०४८ बिटांच्या आरएसएसारखी आजची प्रचलित सार्वजनिक किल्ली २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बाद ठरते. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने शोधयादीसाठी २०२८, महत्त्वाच्या व्यवस्थांसाठी २०३१ आणि पूर्ण बदलासाठी २०३५ असे टप्पे सांगितले आहेत. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये भारतीय संस्थांसाठीही तयारीचे टिपण काढले. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ‘वाजवी’ कशाला म्हणायचे हे पुढच्या दशकात बदलत जाणार. पण या सगळ्या कागदांपेक्षा निविदेतल्या दोन ओळी जास्त काम करतील : उपकरणाची कूटलेखन पद्धत दुरून बदलता आली पाहिजे, आणि ती बदलून देण्याची जबाबदारी उपकरणाच्या पूर्ण आयुष्यभर पुरवठादाराची राहील. ‘एल-वन’ला, म्हणजे सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला, काम देण्याच्या आपल्या पद्धतीत ज्या अटी लेखी नाहीत त्या मिळत नाहीत, एवढे तर कोणताही कनिष्ठ अभियंता सांगेल. आधीच बसलेल्या, न बदलणाऱ्या उपकरणांना उघड्या जाळ्यावर न ठेवता अद्ययावत यंत्राच्या आड घ्यावे आणि बाहेरचा सगळा संवाद त्या यंत्रामार्फतच व्हावा. यातून उपकरण स्वतः सुरक्षित होत नाही, पण जिल्ह्याबाहेर जाणारी तार होते.

प्रकाशकणांवरून किल्ली पाठवण्याच्या क्वांटम संवादाचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण बातम्यांत तोच जास्त चमकतो. इस्रोने मार्च २०२१ मध्ये ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून तो करून दाखवला. राष्ट्रीय मिशनचे उद्दिष्ट २,००० किलोमीटरचे आहे. विज्ञान म्हणून ते अस्सल आहे. पण त्याला स्वतंत्र तार किंवा उपग्रह आणि दोन्ही टोकांना खास यंत्रे लागतात. समोरचा माणूस तोच आहे ना, हे ओळखायला पुन्हा जुन्या किंवा नव्या गणिताचाच आधार घ्यावा लागतो. दोन लष्करी मुख्यालयांमध्ये त्याला जागा असेल. आरोग्य उपकेंद्राचा लॅपटॉप तिथपर्यंत पोहोचणार नाही. तिथे गणितातलाच बदल लागेल, आणि तो फुकट आहे.

राहिला सह्यांचा प्रश्न. किल्ली ठरवणे आणि ओळख पटवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओळख पटवणारी डिजिटल सही साठवून उद्या फोडल्याने आजची जोडणी मागे जाऊन बनावट होत नाही, म्हणून ओपनएसएसएचच्या मंडळींनी सह्यांना दुसरा क्रमांक दिला. तो बरोबर आहे. शिवाय नव्या सह्या अवजड आहेत : आजची एड२५५१९ सही ६४ बाइटची, तर निस्टच्या एमएल-डीएसएची मधल्या पातळीची ३,३०९ बाइटची. पण हा युक्तिवाद लॉगिनला लागू आहे, दस्तऐवजांना नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. भारतातल्या अशा सह्या प्रामुख्याने आरएसएच्या २०४८ बिटांच्या किल्लीवर उभ्या आहेत. ती किल्ली ज्या दिवशी निघेल त्या दिवसानंतर २०१९ ची तारीख घातलेला, तपासणीत खरा ठरणारा सातबारा कुणालाही तयार करता येईल, आणि जमिनीचे दावे किती पिढ्या चालतात हे निराळे सांगायला नको. त्यामुळे इथे गुपित फुटण्याची भीती नसून पुरावा खोटा ठरण्याची आहे, आणि तिच्यावरचा उपाय वेगळा लागेल : जुन्या दस्तऐवजांवर यंत्र येण्याआधीच नव्या पद्धतीची सही आणि कालमुद्रा उमटवून ठेवणे. लाखो उताऱ्यांचे हे काम एका वर्षात होणारे नाही, म्हणून ते लॉगिनच्या सह्यांसोबत मागच्या रांगेत ढकलू नये. तोवर बँकेने पीककर्ज देताना किंवा कुणी शेत विकत घेताना हातातल्या पीडीएफवरच्या हिरव्या खुणेवर न थांबता पडताळणी क्रमांक टाकून भूमी अभिलेखाच्या मूळ नोंदीशी उतारा ताडून पाहावा. ती ताडणी किती वाजता, कोणत्या नोंदीशी झाली, याची टीप कर्जाच्या फाइलीत राहिली तर उद्या सहीचे गणित मोडले तरी त्या व्यवहाराचा पुरावा मोडणार नाही.